सतार, तंबोरा, व्हायोलिन घरच्या घरी रेकॉर्ड करताना माइक आणि प्रीॲम्प कसे निवडाल?

सतारीचं रेकॉर्डिंग घरी करायचं ठरलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न प्रीॲम्पबद्दल, म्हणजे माइकचा क्षीण संकेत वाढवणाऱ्या उपकरणाबद्दल, असतो. कुठल्या कंपनीचा घ्यावा, दोन चॅनेलचा की चार, महागातला घेतला तर आवाज "उघडेल" का. माझ्या मते खरेदीच्या यादीत प्रीॲम्पचा नंबर अगदी शेवटी लागतो. त्याआधी वाद्याची जुळवणी, मग खोली, मग माइकची जागा, मग माइक, या क्रमानं वेळ आणि पैसा खर्च करावा. माहितीपत्रकांत छापलेले तीन आकडे घेतले की याचा हिशेब कागदावर मांडता येतो. तो पुढे मांडून दाखवला आहे.

लेख मुख्यतः सतार आणि तंबोरा डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. व्हायोलिन, संतूर, गिटार यांच्यासाठी जिथे वेगळं काही करावं लागतं, तिथे तसं सांगितलं आहे.

पायरी १: आधी वाद्य

बैठकीत दहा फुटांवर बसलेल्या श्रोत्याला जे कळत नाही, ते माइक हातभर अंतरावरून ऐकतो. सैल झालेली खुंटी, खाच पडलेली जवारी (तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा घासून आकार दिलेला पृष्ठभाग), दोरा सुटल्यामुळे किंचित हलणारा पडदा, तरफेची एखादी उतरलेली तार. सतारीला तरफेच्या, म्हणजे न छेडता आपोआप झंकारणाऱ्या, ११ ते १३ तारा असतात. त्यातल्या दोन-तीन जरी बेसूर असल्या तरी वाजवताना फारसं बिघडल्यासारखं वाटत नाही, पण रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक स्वरामागे एक गढूळ धूर पसरतो. हा धूर कुठल्याही माइकनं किंवा सॉफ्टवेअरनं जात नाही. म्हणून तरफ जुळवायला वेळ द्या, आणि प्रत्येक टेकच्या आधी पुन्हा एकदा तपासा.

जवारीचं तर विशेष बघायला हवं. पंडित रविशंकर यांच्या सतारीसारखी खुली जवारी असेल तर वरच्या पट्टीतले अंशस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे बारीक स्वर) भरपूर उमटतात. उस्ताद विलायत खाँ यांच्या वळणाची बंद जवारी असेल तर स्वर गोल आणि गळ्याच्या जवळचा येतो. माइक निवडताना हा फरक उपयोगी पडतो. स्वस्त कंडेन्सर माइकांपैकी (हा प्रकार पायरी ३ मध्ये सांगितला आहे) बऱ्याच जणांचा वरचा भाग, साधारण ८ ते १२ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, मुद्दाम उचललेला असतो. गाणाऱ्याच्या आवाजाला त्यानं चमक येते. खुल्या जवारीला तोच माइक लावला तर सतार कानाला टोचते.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर पिढ्यानुपिढ्या जवारी काढण्याचं, म्हणजे ती घासून आवाज जुळवण्याचं, काम करत आले आहेत. रेकॉर्डिंगसाठी पैसे बाजूला काढले असतील तर पहिला खर्च जवारी काढून घेण्याचा आणि नव्या तारांचा करा. फक्त नव्या तारा आदल्या दिवशीच चढवा. ताज्या तारा ताणत राहतात आणि दर पाच मिनिटांनी उतरतात.

पायरी २: खोली

आपल्याकडच्या फ्लॅटमधली खोली म्हणजे चार उघड्या प्लास्टरच्या भिंती आणि खाली गुळगुळीत फरशी. मधोमध उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीनंतर बारीक "टर्रर्र" असा आवाज परत आला तर समोरासमोरच्या दोन भिंती आवाज एकमेकींकडे टोलवत आहेत. सतारीच्या झाल्यात, म्हणजे शेवटच्या जलद भागात, चिकारीच्या (कडेच्या बारीक तारांच्या) प्रत्येक आघाताचं असंच होतं.

उपाय घरातच असतात. खाली जाड सतरंजी, त्यावर गादी. वादकाच्या पाठीमागे आणि एका बाजूला गोधड्या किंवा रजया, भिंतीला चिकटवून न लावता वीतभर पुढे टांगलेल्या. पुस्तकांची मांडणी, कपड्यांचं उघडं कपाट. अंड्यांचे ट्रे लावू नका. वरची वारंवारता थोडीफार शोषण्यापलीकडे त्यांचा काही उपयोग होत नाही. खोलीच्या कोपऱ्यातही बसू नका, तिथे भोपळ्याचा खर्ज फुगतो. अगदी मधोमधही बसू नका. लांबीच्या साधारण एक तृतीयांशावर बसून बघा.

पंखा, एसी, फ्रिज बंद. रात्री अकरानंतर शहरातही बऱ्यापैकी शांतता मिळते. अशा खोलीत आवाजाची पातळी ३० डेसिबलच्या आसपास आली तर ती चांगली खोली समजा. पंखा चालू झाला की ती सहज ४० च्या वर जाते. हा ३० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पायरी ३: माइकचा प्रकार

तीन प्रकार समोर येतात.

डायनॅमिक माइक दणकट, स्वस्त, आणि त्याला वीज लागत नाही. शुअर कंपनीचा एसएम५७ हा १९६५ पासून बनतो आणि आजही जगभरच्या स्टुडिओंत असतो. पण त्याचा आवाजानं थरथरणारा पडदा त्याला चिकटलेली तारेची गुंडाळी घेऊन हलतो. त्यामुळे नखीचा झटकन येणारा आघात आणि तरफेची बारीक झणकार तो थोडी बोथट करतो. ढोलकी, गिटारचा ॲम्प्लिफायर यांना तो उत्तम. सतारीला तो दुसरी निवड.

कंडेन्सर माइकचा पडदा अतिशय हलका असतो, म्हणून आघात आणि वरचे अंशस्वर तो स्वच्छ पकडतो. त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या केबलमधूनच जाणारी वीज, लागते. ती इंटरफेसवरचं (माइक संगणकाला जोडणाऱ्या डब्यावरचं) एक बटण दाबून मिळते. हे ४८ कुठून आले याचा किस्सा छान आहे. १९६६ च्या सुमारास नॉयमन कंपनीनं नॉर्वेच्या राष्ट्रीय रेडिओसाठी ट्रान्झिस्टरवर चालणारे कंडेन्सर माइक तयार केले. तिथल्या स्टुडिओत आपत्कालीन दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा आधीपासूनच होता. तोच माइकांना वापरायचं ठरलं आणि पुढे ते प्रमाण झालं.

कंडेन्सरमध्ये पुन्हा दोन जाती. छोट्या पडद्याचा, पेन्सिलसारखा दिसणारा, आणि मोठ्या पडद्याचा. तंतुवाद्यांसाठी नवख्यानं छोट्या पडद्यापासून सुरुवात करावी. बाजूनं येणारा आवाजही तो फारसा रंग न बदलता घेतो, आणि सतारीत तर आवाज एका ठिकाणाहून येतच नाही. मोठ्या पडद्याच्या माइकचं बलस्थान म्हणजे त्याचा स्वतःचा कमी खरखराट. तंबोरा किंवा रुद्रवीणेसारख्या हळू आवाजाच्या वाद्यांना तो बरा पडतो.

तिसरा रिबन. धातूची पातळ पट्टी चुंबकात लटकवलेली. वरचा भाग तो नैसर्गिकरीत्या मऊ करतो, त्यामुळे व्हायोलिन आणि सारंगीच्या गजाची किरकिर सुसह्य होते. तो पुढून आणि मागून सारखंच ऐकतो, म्हणून छत बुटकं असेल तर वरून लावू नका. जुन्या रिबन माइकला फँटम पॉवर द्यायच्या आधी त्याचं माहितीपत्रक वाचा. केबल सदोष असेल तर पट्टी कायमची जाऊ शकते.

यूएसबी माइक एकट्या वादकाला चालतो. अडचण पुढे येते. दुसरा माइक जोडायचा झाला की दोन्हींचा मेळ बसवणं त्रासाचं होतं. वाद्याला चिकटवायचा पिकअप मंचासाठी ठेवा. त्यात जवारीचा पत्र्यासारखा आवाज येतो आणि भोपळ्यातली हवा येत नाही.

ग्रहणक्षेत्राबद्दल थोडक्यात. कार्डिऑइड समोरचं ऐकतो, मागचं टाळतो. ऑम्नी सगळीकडून सारखं ऐकतो. कार्डिऑइड जवळ आणला की खर्ज वाढतो, ऑम्नीत हा दोष नाही. खोली उत्तम असेल तर ऑम्नीइतका खरा आवाज दुसरा कुठलाच माइक देत नाही. साध्या खोलीत कार्डिऑइडच घ्या.

पायरी ४: तीन आकड्यांचा हिशेब

आता प्रीॲम्पचा मुद्दा. माइकमधून निघणारा संकेत फार क्षीण असतो, तो वाढवायचं काम प्रीॲम्प करतो. आजच्या प्रत्येक ऑडिओ इंटरफेसमध्ये तो आतच बसवलेला असतो. वाढवताना तो स्वतःचा थोडा "सूंऽऽ" असा खरखराट मिसळतो. प्रश्न एवढाच की तो ऐकू येण्याइतका असतो का.

तीन आकडे शोधा. माइकची सेन्सिटिव्हिटी (ठरावीक आवाजाला तो किती व्होल्ट देतो), माइकचा सेल्फ नॉइज (त्याचा स्वतःचा खरखराट), आणि प्रीॲम्पचा ईआयएन म्हणजे त्याच्या प्रवेशद्वाराशी मोजलेला खरखराट.

उदाहरणासाठी रोड कंपनीचा एनटी५ घेऊ. छोट्या पडद्याचा, तंतुवाद्यांसाठी बराच वापरला जाणारा माइक. सेन्सिटिव्हिटी उणे ३८ डेसिबल, म्हणजे सुमारे १२ मिलिव्होल्ट. सेल्फ नॉइज १६ डेसिबल. इंटरफेस म्हणून फोकसराइट स्कार्लेट २आय२ ची चौथी पिढी, ईआयएन उणे १२७ डीबीयू.

हिशेब असा. ईआयएनमधून २.२ वजा करा (एकक बदलण्यासाठी): उणे १२९.२. त्यातून सेन्सिटिव्हिटी वजा करा, म्हणजे ३८ मिळवा: उणे ९१.२. त्यात ९४ मिळवा, कारण सेन्सिटिव्हिटी ९४ डेसिबलच्या आवाजावर मोजलेली असते. उत्तर २.८. म्हणजे या प्रीॲम्पचा खरखराट खोलीत सुमारे ३ डेसिबलचा आवाज असावा इतकाच आहे.

आता तिन्ही शेजारी ठेवा. प्रीॲम्प ३, माइक १६, खोली ३०. प्रीॲम्पनं माइकच्या १६ मध्ये भर घातली तर ते १६.२ होतात. खोलीच्या ३० पुढे तर दोन्हींची मिळून दखलही घेतली जात नाही. दहापट महाग प्रीॲम्प आणला तरी ईआयएन फार तर चार डेसिबलच सुधारेल, त्याहून जास्त नाही. कारण १५० ओहमच्या साध्या रोधातही उष्णतेमुळे सुमारे उणे १३१ डीबीयूचा खरखराट असतोच, त्याखाली जायची वाटच नाही.

आणि माइक वाद्यापासूनच्या निम्म्या अंतरावर आणला तर? वाद्याचा थेट आवाज ६ डेसिबलनं वाढतो. तेवढाच गेन, म्हणजे प्रीॲम्पनं संकेत वाढवण्याचं प्रमाण, कमी लागतो, त्यामुळे प्रीॲम्पचा, माइकचा आणि खोलीचा, तिघांचाही त्रास एकदम ६ डेसिबलनं घटतो. स्टँड थोडा सरकवून, एक रुपयाही न घालता.

आता तोच हिशेब एसएम५७ साठी करा. सेन्सिटिव्हिटी उणे ५६, म्हणजे जेमतेम १.६ मिलिव्होल्ट. उणे १२९.२ अधिक ५६ अधिक ९४ बरोबर २०.८. इथे प्रीॲम्पचा खरखराट २१ डेसिबलवर गेला. शांत खोलीत तंबोऱ्याच्या एखाद्या हळू सुटणाऱ्या तारेमागे तो ऐकू येईल. रिबनचंही असंच. डायनॅमिक किंवा रिबन माइक आणि हळू वाद्य अशी जोडी असेल तेव्हाच प्रीॲम्पवर खर्च करण्यात अर्थ आहे.

पायरी ५: मग प्रीॲम्पमध्ये बघायचं काय?

गेन पुरेसा आहे का ते आधी बघा. दीड-दोन फुटांवरच्या सतारीला कंडेन्सर माइक लावला तर साधारण ४० ते ५० डेसिबल गेन लागतो, डायनॅमिकला ६० ते ७०. स्कार्लेटच्या चौथ्या पिढीत २आय२ ला ६९ डेसिबल आहे, सोलो या धाकट्या मॉडेलला ५७. कंडेन्सरला दोन्ही चालतील. डायनॅमिकला सोलो अपुरा पडेल. तिथे क्लाउडलिफ्टरसारखा २५ डेसिबल उचलून देणारा छोटा डबा मध्ये लावता येतो. तो फँटम पॉवरवर चालतो, पण ती पुढे माइकपर्यंत जाऊ देत नाही, म्हणून कंडेन्सर माइकसोबत त्याचा उपयोग नाही.

दुसरं, दोन माइक प्रवेश असलेलाच इंटरफेस घ्या, आज एकच माइक असला तरी. तिसरं, ईआयएन उणे १२५ किंवा त्याहून खाली असावा. मोटू कंपनीच्या एम२ या इंटरफेसमध्ये तो उणे १२९ आहे. आजचे बहुतेक नावाजलेले इंटरफेस या अटीत बसतात, तेव्हा इथे फार घोळ घालू नका.

महागडे स्वतंत्र प्रीॲम्प वाईट असतात असं मुळीच नाही. ट्रान्सफॉर्मर किंवा व्हॉल्व्ह असलेले काही प्रीॲम्प आवाजाला हलकी घनता देतात, आणि अनुभवी रेकॉर्डिस्ट त्याचा सुरेख वापर करतात. पण हा रंग ओळखायला आधी रंग नसलेला आवाज कानात बसलेला हवा. एक-दोन वर्षं साध्या इंटरफेसवर काम करा.

विजेची भुणभुण मात्र प्रीॲम्पच्या माथी मारली जाते आणि दोष दुसऱ्याचाच असतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ५० आणि १०० हर्ट्झचा घुमारा येतो. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, पंख्याचा आणि दिव्यांचा रेग्युलेटर बंद करा, माइकची केबल विजेच्या वायरीला समांतर टाकू नका. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

पायरी ६: माइक कुठे ठेवायचा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. मित्राला सतार वाजवायला बसवा, बंद कानांचे हेडफोन घाला आणि माइक हातात धरून सावकाश फिरवा. त्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वाजवायला सांगा, उदाहरणार्थ यमनमधली नि-रे-ग अशी साधी आलापी.

आधी माइक घोडीसमोर वीतभर अंतरावर धरा. नखीची टकटक पुढे येते, जवारीची झणकार कोरडी आणि पातळ ऐकू येते, स्वरामागचं लाकूड नाहीसं होतं. आता तो तबलीच्या वरच्या टोकाकडे, दांडी जिथे भोपळ्याला मिळते त्या सांध्याकडे न्या. टकटक मागे सरते आणि स्वर भरतो. आणखी वर, दांडीच्या मध्यावर नेलात तर तरफ उजळते, पण मींडेत बोट पडद्यावरून तार ओढतं त्याचा घसरण्याचा आवाजही वाढतो. तबलीच्या थेट समोर, भोपळ्याच्या पोटाकडे रोखलात तर खर्ज घुमायला लागतो. मग त्याच सांध्याकडे तोंड ठेवून माइक हळूहळू मागे आणा. हात-दीड हातावर, साधारण ४५ ते ६० सेंमीवर, हे सगळे सुटे आवाज एकमेकांत मिसळून सतार "एक" होते. ती जागा सापडली की स्टँड तिथे लावा आणि जमिनीवर खडूनं खूण करा.

दोन बारकावे. वादक खाली बसलेला असतो, त्यामुळे माइक जमिनीपासून दोन फुटांच्या आसपास लागतो. उभ्यानं गाणाऱ्यांचे स्टँड एवढे खाली येत नाहीत. आडवा हात असलेला बुटका, जड बुडाचा स्टँड घ्या. आणि वादकाचा श्वास, बांगड्या, खादीच्या कुडत्याची सळसळ, पायानं धरलेला ताल, हे सगळं या अंतरावर येतं. रेकॉर्डिंगच्या दिवशी मऊ सुती कपडे घालायला सांगा.

तंबोऱ्याचं तंत्र निराळं. त्याला आघात असा नसतोच, एक स्वर दुसऱ्यात विरत असतो. माइक घोडीच्या किंचित वर, फूट-सव्वा फुटावर, तबलीकडे थोडा तिरका. जवारीतला दोरा हलवल्यावर आवाज कसा उमलतो ते हेडफोनमध्ये ऐका आणि मगच दोरा पक्का करा. तंबोरा हळू असल्यानं सेल्फ नॉइज इथे खरोखर महत्त्वाचा ठरतो. रोडच्या एनटी१ च्या पाचव्या आवृत्तीसारखा मोठ्या पडद्याचा, ४ डेसिबल सेल्फ नॉइजचा माइक इथे शोभतो. एक कळकळीची विनंती: दहा सेकंदांचा तुकडा कापून तो पुन्हा पुन्हा जोडू नका. कानाला तो सांधा कळतो आणि तंबोऱ्याचा प्राणच जातो. जितका वेळ राग, तितका वेळ सलग छेडा.

व्हायोलिन आपल्या पद्धतीनं बसून, वाद्याची मान पायावर टेकवून वाजवताना माइक वरून, दोन ते तीन फुटांवर, घोडीच्या थोडा बाजूला रोखा. त्याहून जवळ गेलात तर गजाची आणि राळेची खरखर येते. स्टीलच्या तारांचा वरचा आवाज कडक वाटत असेल तर इक्वलायझरकडे धावण्याआधी माइक थोडा आडवा फिरवा.

संतूरला वरून दोन माइक, कलमांच्या आघातामुळे गेन नेहमीपेक्षा कमी. गिटारला बाराव्या फ्रेटसमोर ८ ते १२ इंचांवर. मधल्या भोकासमोर कधीही नको, तिथे पेटीतली हवा साधारण १०० हर्ट्झला घुमते. सरोद आणि सारंगी सतारीसारखंच, अंतर थोडं जास्त.

पायरी ७: दुसरा माइक कधी?

एका माइकनं समाधानकारक आवाज येईपर्यंत दुसरा घेऊ नका. दोन माइक एकाच वाद्यापासून वेगवेगळ्या अंतरांवर असले की एकाच स्वराच्या दोन लाटा पुढे-मागे पोहोचतात आणि काही ठिकाणी एकमेकींना खोडतात. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३५ सेंमी जातो. एक माइक दुसऱ्यापेक्षा १७ सेंमी लांब असेल तर दोन्ही मिसळल्यावर १००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. सतारीच्या वरच्या सप्तकातले स्वर आणि त्यांचे अंशस्वर नेमके त्या भागात असतात.

स्टिरिओ हवा असेल तर सोपा मार्ग एक्सवाय. दोन सारखे कार्डिऑइड, तोंडं एकमेकांवर, ९० अंशाच्या कोनात. लाटा एकदम पोहोचतात, खोडाखोड होत नाही. खोली चांगली असेल तर ओआरटीएफ करून बघा. फ्रेंच रेडिओत रुजलेल्या या पद्धतीत दोन माइक १७ सेंमी अंतरावर, ११० अंशाच्या कोनात असतात. पसारा जास्त खरा वाटतो. कुठलीही पद्धत वापरा, शेवटी दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोत ऐका. बरेच श्रोते मोबाइलच्या एकाच स्पीकरवर ऐकणार आहेत. मोनोत सतार अचानक पातळ झाली तर माइक हलवावे लागतील.

सतार आणि तबला एकाच खोलीत वाजत असतील तर तिप्पट अंतराचा नियम पाळा. माइक त्याच्या वाद्यापासून दीड फुटावर असेल तर दुसऱ्या वाद्याचा माइक त्यापासून किमान साडेचार फूट दूर.

पायरी ८: पातळी आणि फाइल

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. याहून वर जायची नवख्याला गरज नाही. वादकाला झाल्यातला सगळ्यात जोरकस भाग वाजवायला सांगा आणि मीटरचं टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास येईल असा गेन ठेवा. प्रत्यक्ष मैफलीच्या रंगात तो आणखी चार-सहा डेसिबल जोरात वाजवणार हे गृहीत धरा. आवाज कमी वाटतोय म्हणून गेन वाढवायचा मोह टाळा. २४ बिटमध्ये खाली भरपूर जागा असते आणि नंतर आवाज वाढवता येतो. लाल दिवा लागून फाटलेला आघात मात्र पुन्हा शिवता येत नाही.

इंटरफेस, केबल, स्टँड हा सगळा जामानिमा नको असेल तर ३२ बिट फ्लोटवर चालणारा हातातला रेकॉर्डर घ्या, उदाहरणार्थ झूमचा एच१इसेन्शियल. त्यात गेन लावायचाच नसतो. रियाज आणि गुरुजींची शिकवणी टिपून ठेवायला मी हाच पर्याय सुचवतो.

फँटम पॉवरचं बटण दाबताना क्रम पाळा. आधी हेडफोनचा आवाज शून्यावर, मग केबल जोडा, मग ४८ व्होल्ट चालू. काढताना आधी ४८ बंद, थोडं थांबा, मग केबल.

पावसाळ्याची काळजी

कोकण, गोवा, मुंबई इथे जूनपासून हवेत इतका दमटपणा असतो की कंडेन्सर माइकच्या पडद्यावर ओल धरते आणि तो मधूनच तडतडतो. माइक बिघडला असं समजून लोक तो दुरुस्तीला देतात. आधी त्याला दोन दिवस घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. बहुतेक वेळा तो पूर्ववत होतो. पुड्या महिन्यातून एकदा तापवून किंवा बदलून घ्या. माइक स्टँडवर लावून आठवडाभर तसाच ठेवू नका, निदान त्यावर कापडी पिशवी तरी घाला. त्याच डब्यात तारांचे सुटे संचही ठेवा, तरफेच्या बारीक तारा या दिवसांत आधी गंजतात.

पुढची खरेदी कशी ठरवायची

सगळं लावून झालं की वादकाला वाद्य मांडीवर घेऊन स्तब्ध बसायला सांगा आणि अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. नंतर ती हेडफोनमध्ये आवाज वाढवून ऐका. रस्त्यावरची रिक्षा, वरच्या मजल्यावरचा पंखा, घड्याळाची टिकटिक ऐकू आली तर पैसे खिडकीच्या जाड पडद्यांवर घाला. भुणभुण आली तर केबल आणि विजेची जोडणी तपासा. हे दोन्ही मिटल्यावर एकसारखा बारीक "सूंऽऽ" उरला, तर ४८ व्होल्ट बंद करून माइकची केबल काढा, गेन तसाच ठेवा आणि पुन्हा ऐका. केबल काढल्यावर "सूं" जवळजवळ नाहीसा झाला तर तो माइकचा होता, कमी सेल्फ नॉइजचा माइक शोधा. तेवढाच राहिला तर तो प्रीॲम्पचा, आणि मग खुशाल नवा प्रीॲम्प बघायला बाहेर पडा. एसएम५७ घ्यायचा असेल तर तो अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. या माइकच्या हुबेहूब दिसणाऱ्या बनावट प्रती बाजारात खूप फिरतात.